खारा वारा आणि जुनी जीप

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या किनाऱ्यावर मीठ विकत घ्यायचं ते फक्त जेवणापुरतं. बाकी सगळीकडे ते फुकट मिळतं. खिडकीच्या बिजागरीवर, सायकलच्या साखळीवर, पत्र्याच्या ट्रंकेवर, विजेच्या मीटरवर ते आपलं आपण येऊन बसतं. रायगड जिल्ह्याच्या मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला लोखंडाची वस्तू घेताना मनात एक हिशेब करावा लागतो : दुकानदार दहा वर्षं म्हणाला तर आपल्याकडे पाच. अशा मुलखात मी गेली पंचवीसहून अधिक वर्षं एक जुनी जीप बाळगून आहे. कवितेच्या माणसानं ग्रीसगन हातात घ्यावी याचं काही जणांना हसू येतं. पण या गाडीनं मला जे शिकवलं ते स्कूटर, रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर अशी कुठलीही गाडी किनाऱ्यावर वापरणाऱ्यांना उपयोगी पडेल, म्हणून आज तिच्याविषयी बोलतो.

आधी थोडं जीपच्या कुळाविषयी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीनं १९४० मध्ये पहिला नमुना तयार केला आणि पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्धाच्या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. आपल्याकडे १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाची कंपनी निघाली. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. विलीजच्या जीपगाड्या जोडण्याचं काम मात्र १९४७ पासूनच मुंबईत सुरू झालं होतं. देशाची फाळणी झाली, भागीदारी मोडली, पण जीप चालत राहिली. तहसीलदार, डॉक्टर, पोलीस, पुढारी सगळ्यांना तिनं खेड्यापाड्यांत पोचवलं.

माझी जीप म्हणजे एका कंपनीची गाडी म्हणावी अशी राहिलेलीच नाही. चासी एकीची, डिझेल इंजिन दुसरीचं, गिअरबॉक्स तिसरीचा. इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकावर आहे, बाकी जन्मकथा मिस्त्री लोकांनाच ठाऊक. आमची अम्मी तिला ‘बकरी’ म्हणायची, कारण ती कुठेही चढते आणि वेळी-अवेळी ओरडते. तेव्हा तिच्या दुखण्यांचा दोष मी कोणा कारखान्याला देत नाही. दुखण्यांची कारणं इथल्या हवेत, पाण्यात आणि रस्त्यात आहेत.

पहिलं कारण मीठ. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं हे प्रत्येक घरात माहीत असतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊ लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात. ते तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी ओढतात. म्हणजे पत्र्यावर खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर बसला, की तो पत्रा आपल्या डोळ्यांना कोरडा दिसला तरी प्रत्यक्षात ओलाच असतो. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो. त्या पाण्यात मीठ असलं की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया झपाट्यानं होते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसवलेले असतात तिथे तो फुगून पत्रे फाकवतो आणि आणखी पाणी आत घेतो.

यावर लोक काय करतात? गंजावरच रंग मारतात, किंवा खालून डांबरासारखा काळा थर देतात. खरजेवर पावडर लावावी तसं ते आहे. वरून छान दिसतं, आत मात्र खाज चालूच असते. गंज खरवडून, गोड्या पाण्यानं मीठ धुऊन, पूर्ण वाळवून मग थर दिला तर तो रक्षण करतो. नाहीतर तोच थर ओल कोंडून ठेवतो. आणखी एक गैरसमज सांगतो. मच्छीमारी बोटींच्या पाण्याखालच्या भागाला जस्ताचा तुकडा लावतात. समुद्राचं पाणी आधी त्या जस्ताला खातं आणि पंखा वाचतो. हे पाहून कुणीतरी जीपलाही जस्ताचा तुकडा बांधायला सांगतो. पण ही युक्ती सगळा भाग सतत पाण्यात बुडालेला असेल तरच चालते, कारण मधलं पाणीच विजेची वाट बनतं. रस्त्यावर हवेत उभ्या असलेल्या गाडीत त्या तुकड्याला चासीच्या दुसऱ्या टोकाला पोचता येत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा टिकतो, कारण तिथे जस्त लोखंडाला चिकटूनच असतं.

दुसरं दुखणं मला फार दिवस छळत होतं. मागच्या ॲक्सलचं ऑइल सील. बदललं की महिना-दीड महिना बरं, मग पुन्हा चाकाच्या आतून तेल गळायला लागायचं. तीनदा सील बदललं. सील बनावट आहे, फिटरचा हात जड आहे, शाफ्टला खाच पडली आहे, असे सगळे तर्क झाले. माझ्या कवितांच्या वहीची मागची पानं मी गाडीसाठी राखून ठेवली आहेत. तारीख, किलोमीटर, पाऊस होता का, गाडी कुठे गेली होती, काय बदललं, हे त्यात लिहितो. ती पानं एकदा नीट वाचली तेव्हा दिसलं, की प्रत्येक वेळी सील जाण्याच्या आधी काही दिवस गाडी ओढ्यातून गेली होती. आणि प्रत्येक वेळी काढलेलं तेल दुधाळ चहासारखं होतं, म्हणजे आत पाणी शिरलं होतं.

ही वही मी बोटींच्या इंजिनांचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या नाखव्याला वाचून दाखवली. त्यानं ॲक्सलच्या वरचा एक लहानसा नळीसारखा भाग बोटानं चाचपला आणि म्हणाला, ‘‘भाई, टोपावर झाकण घट्ट बसवून चुलीवर ठेवलास तर वाफ कुठून तरी बाहेर येणारच ना? याचं नाक बंद आहे.’’ त्या भागाला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की ॲक्सलमधलं तेल आणि हवा तापते, फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. थंड झालं की हवा परत आत येते. आमच्या जीपच्या ब्रीदरवर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. त्यामुळे तापलेली हवा सील ढकलून बाहेर पडायची आणि बरोबर तेल न्यायची. मग तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसायची आणि त्याच सीलच्या फटीतून पाणी आत ओढायची. सील बिचारं निर्दोष होतं. ब्रीदर साफ केला, त्याला रबरी नळी जोडून तिचं टोक उंच, सीटच्या पातळीपर्यंत नेलं आणि टोकाला बारीक जाळी बसवली. त्यानंतर ते सील वर्षानुवर्षं टिकलं.

यातून मी एक नियम केला. एखादा भाग एकदा मोडला तर तो भाग बदलावा. दुसऱ्यांदा मोडला तर भाग चांगल्या प्रतीचा होता का ते पाहावं. तिसऱ्यांदा तोच मोडला तर त्या भागाकडे पाहणं थांबवावं आणि त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावं.

स्टिअरिंगचंच पाहा. जुन्या जीपचा एक प्रसिद्ध आजार म्हणजे पन्नास-साठच्या वेगात एखाद्या खड्ड्यावर चाक आपटलं की पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही आणि गाडी अगदी हळू केल्याशिवाय ते थांबत नाही. नवखा माणूस धक्का शोषणारा डँपर बदलून घेतो. दोन महिने बरं वाटतं. खरं तर टायरॉडच्या टोकांत केसभर ढिलेपणा, किंगपिनच्या बेअरिंगमध्ये केसभर, कमानपाट्याच्या बुशात केसभर, व्हीलच्या बेअरिंगमध्ये केसभर, असे चार केस मिळून दोरी होते. झोपाळ्याला योग्य वेळी बोटानं ढकललं तरी तो उंच जातो, तसा एक धक्का त्या ढिलेपणाला झुलवत ठेवतो. डँपर फक्त झोका दाबून धरतो. एकानं स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्यानं गाडीखाली बसून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. दोन भाग कुठे वेगवेगळे हलतात ते बोटाला लगेच कळतं. चाकांचं बॅलन्सिंगही त्याच वेळी करून घ्यावं.

विजेच्या तक्रारींमागेही बहुतेक वेळा असाच एक शेजारी असतो, त्याचं नाव अर्थिंग. गाडीत बॅटरीची एक तार दिव्यापर्यंत जाते, परतीची वाट मात्र गाडीच्या लोखंडी अंगातूनच असते. जिथे ती तार चासीला बोल्टनं जोडलेली असते तिथे गंज चढला की परतीची वाट बंद होते. मग हॉर्न वाजवला की दिवे मंदावतात, सेल्फ नुसता टकटक करतो. माणूस नवी बॅटरी घेतो, मग अल्टरनेटर उघडतो. हजारो रुपये जातात, आणि काम असतं तो एक बोल्ट काढून, जागा चकचकीत घासून, ग्रीस लावून परत आवळण्याचं.

इंजिन तापण्याचं पण एक किनाऱ्यावरचं कारण आहे. आमच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ. ते रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की नळ्यांच्या आत क्षारांचं कीटण बसतं, चहाच्या भांड्याला बसतं तसं. मग घाटात गाडी उकळते आणि उकळली म्हणून आपण आणखी तेच पाणी ओततो. रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचंच मिश्रण असावं, आणि जाळीत अडकलेला चिखल बाहेरून पाण्यानं धुऊन काढावा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. ब्रेक.

एका पावसाळ्यात मी माणगावच्या हॉस्पिटलमधून शेजारच्या वहिनींना आणि त्यांच्या चार दिवसांच्या बाळाला घेऊन परत येत होतो. पुढे त्यांची सासू बसली होती. घोणसे घाट उतरताना एका वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. परत दाबलं, तेच. या जुन्या जीपच्या ब्रेकमध्ये चारही चाकांना एकाच सिलिंडरमधून तेल जातं. नळी कुठेही एका जागी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. सुदैवानं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. पहिला टाकला, इंजिननं ओढून धरलं, आणि हँडब्रेक ओढला. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर असतो, आणि त्याचा तेलाशी काही संबंध नसतो. डाव्या हाताच्या मातीच्या दरडीला घासत गाडी थांबली. बाळाला जागही आली नाही. सासूबाईंनी विचारलं, ‘‘पोचलो काय?’’

त्याच्या महिनाभर आधी एका गॅरेजात ब्रेकच्या नळीचा गळणारा तुकडा बदलला होता. नवा तुकडा शाबूत होता. जुनी नळी जिथे चासीला क्लिपनं बांधली होती, त्या क्लिपच्या खाली खारा चिखल साचून ती कुजली होती. बाहेरून दिसत नव्हतं. आणि नळी फक्त बाहेरूनच कुजत नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी हळूहळू शोषून घेतं. मग तेच पाणी नळी आणि सिलिंडर आतून गंजवतं. शिवाय तेलाचा उत्कलनबिंदूही खाली येतो. डॉट ३ प्रकारच्या ताज्या तेलासाठी तो किमान २०५ अंश सेल्सिअस असावा असा निकष आहे. पाणी शोषलेल्या तेलासाठी तोच १४० अंशांवर येतो. घाटात ब्रेक तापले की असं तेल उकळतं. त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेकचं तेल पूर्ण बदलावं, नुसतं भरू नये. एक नळी गळली तर सगळ्या नळ्या एका वयाच्या आहेत हे लक्षात ठेवून सगळ्या बदलाव्यात. त्या जागी फ्रिजवाल्याकडची साधी तांब्याची नळी कधी लावू नये. ती कंपनांनी कडक होऊन तडकते. तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची ब्रेकसाठीच बनवलेली नळी मिळाली तर ती मिठाला चांगली दाद देते. आणि पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहावं, म्हणजे ड्रममधलं पाणी उडून जातं.

चारही चाकांच्या ताकदीविषयीही दोन शब्द. जुन्या जीपचा फोरव्हील गिअर फक्त वाळू, चिखल, ओल्या चढासाठी असतो. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, म्हणजे जास्त अंतर कापतात. मऊ जमिनीत चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. डांबरी रस्त्यावर ते घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टच्या क्रॉसवर आणि गिअरांवर येतो. ‘माझ्या गाडीचे क्रॉस टिकत नाहीत’ असं म्हणणाऱ्याला आधी विचारावं, की तो फोरव्हील गिअर कुठे वापरतो. उलट, तो कधीच वापरला नाही तर लिव्हर जाम होतो. म्हणून महिन्यातून एकदा मातीच्या सरळ वाटेवर थोडं अंतर तो टाकून चालवावं.

आणि गाडी पुळणीवर नेण्याची हौस कोणी करू नये. सुट्टीत काशीद, दिवेआगरच्या बाजूला येणाऱ्या पाहुण्यांना भरतीचा अंदाज नसतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती अष्टमीच्या भांगापेक्षा कितीतरी वर चढते. ओल्या वाळूत अडकलेल्या चाकाखालची वाळू प्रत्येक लाट काढून नेते. समुद्राच्या पाण्यात तासभर उभी राहिलेली गाडी बाहेर काढता येते, पण नंतर तिची वायरिंग आणि बेअरिंग वर्षभर एकेक करून जबाब देत राहतात.

मग कुणी विचारतं, एवढा त्रास कशासाठी? ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हाचं सांगतो. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, रस्त्यांवर झाडं पडली, वीज कित्येक दिवस नव्हती. तेव्हा मुलांनी कुऱ्हाडी चालवल्या आणि या जीपनं साखळी बांधून ओंडके बाजूला ओढले. मग पाण्याचे कॅन, औषधं, आणि दोन वेळा आजारी माणसं नेली. त्या दिवशी सेल्फ टकटक करून थांबला असता तर? दुरुस्ती आदल्या आठवड्यात केलेली असावी लागते, वादळाच्या दिवशी ती होत नाही.

पण प्रेम आंधळं असू नये, हेही सांगायला हवं. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५००० झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढलं. माझा पुतण्या म्हणतो, ‘‘चाचा, भंगारात द्या आता.’’ त्याचं म्हणणं मी टाळत नाही. फक्त त्याचं उत्तर मी त्याच्याकडून किंवा माझ्या मनाकडून घेत नाही, हातोडीकडून घेतो.

दर वर्षी गणपती होऊन गेले आणि पाऊस ओसरला की गाडीखाली शिरून, खाऱ्या चिखलाची पोकळ जागा गोड्या पाण्यानं धुऊन, मी चासीवर लहान हातोडीनं ठोकत जातो. कमानपाटे जिथे टांगलेले असतात ती जागा, स्टिअरिंग बॉक्सची जागा, चासीच्या आडव्या पट्ट्या. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. आतून कुजलेलं बद्द वाजतं. पत्रा, दरवाजा, फ्लोअर बद्द वाजला तर वेल्डिंग करून घ्यावं, गाडी ठेवावी. पाट्याच्या किंवा स्टिअरिंगच्या जागी बद्द आवाज आला तर तो भाग कापून नवा जाड पत्रा घालणारा जाणकार माणूस शोधावा. आणि हातोडी लांबलचक पट्ट्यात आरपार जाऊ लागली, तर गाडी कितीही लाडकी असो, तिच्यात कुणाचं चार दिवसांचं बाळ बसवू नये. भंगारात द्यावी आणि दुःख करावं. गेल्या वर्षी माझ्या जीपचा पुढचा डावा हँगर बद्द वाजला, तो बदलून घेतला. बाकी सगळीकडे आवाज खणखणीत आहे. वहीत तशी नोंद केली आहे, आणि तिच्याखाली पुढच्या वर्षासाठी एक ओळ कोरी सोडली आहे.